पहिला नांगर कोण विकत घेणार?



लेख थोडा लांबलाय. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन वाचा, ऑफिसात चोरून वाचायच्या लांबीचा नाही.

"मराठी माणूस आणि धंदा" हा विषय आपल्याकडे कुठल्याही गेट-टुगेदरला निघतोच. पोहे संपेपर्यंत हवापाणी आणि घरांच्या किमती, मग चहाबरोबर हा विषय. पहिला म्हणतो, आपल्या रक्तातच नाही. दुसरा गुजराती, मारवाडी, सिंधी यांची उदाहरणं देतो. तिसरा म्हणतो, आपले आईवडीलच "आधी सेटल हो" म्हणत राहिले. चौथा "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण ऐकवतो. मग सगळे आपापल्या गाड्यांत बसून घरी जातात आणि सोमवारी लॉग-इन करतात. मीही करतो.

माझं म्हणणं असं, की हे रक्ताबिक्ताचं काही नाही. धंद्यात धोका असतो. धोका म्हणजे नुकसानीची शक्यता, आणि नुकसान झालं की ते कुणाच्या तरी डोक्यावर पडतंच. ते कुणाच्या डोक्यावर पडणार, हा खरा प्रश्न आहे. तो चार-पाच खांद्यांवर वाटला गेला तेव्हा मराठी माणसानं कारखाने काढले, तेसुद्धा माळरानावर. तो एकट्याच्या राहत्या घरावर पडणार असं दिसलं तेव्हा तो नोकरीला चिकटून राहिला. यात भित्रेपणा काही नाही, हिशेब आहे. समाजात धाडस वाढावं असं वाटत असेल तर भाषणं कमी करून हा हिशेब बदलावा लागतो. इतिहासात तो कसा बदलला गेला, याची काही उदाहरणं सांगतो.

*

सुरुवात किर्लोस्करांपासून. मी इंजिनिअरिंग सांगलीला केलं. मिरज-पुणे लाइनवर किर्लोस्करवाडी स्टेशन किती वेळा मागे टाकलं त्याची मोजदाद नाही. या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. एका कारखान्यामुळे स्टेशनचं नाव बदलावं, ही लहान गोष्ट नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईला जेजे स्कूलमध्ये गेले, तिथे कळलं की काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली, यांत्रिक ड्रॉइंग धरलं आणि व्हीजेटीआयमध्ये (तेव्हाचं व्हिक्टोरिया ज्युबिली) शिकवायला लागले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनला नेमलं आणि त्यांनी नोकरी सोडली, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. सिनेमात शोभेल असा प्रसंग. पण त्याआधीचा भाग कुणी फारसा सांगत नाही. बेळगावात सायकलींचं दुकान १८८८ मध्ये सुरू झालं तेव्हा लक्ष्मणराव मुंबईत नोकरीतच होते. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात भाऊ रामूअण्णा त्या विकत. एका भावाचा पगार चालू, दुसऱ्या भावाचं दुकान चालू. आजच्या भाषेत सांगायचं तर स्टार्टअपचा पहिला गुंतवणूकदार म्हणजे व्हीजेटीआयचा पगार! राजीनामा नंतर आला, आणि तो आला तेव्हा बेळगावात पाय टेकायला जागा तयार होती.

हा झाला पहिला खांदा: घरातला एक पगार.

पुढे दोघा भावांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. साल १९०३. आणि नांगर विकले जाईनात! लोखंडामुळे जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर सुमारे दोन वर्षं तसेच पडून राहिले. आपण हे वाचताना "किती अडाणी लोक" म्हणून हसतो. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. त्याच्याकडे एकच शेत आणि एकच हंगाम. नांगर खराब निघाला तर किर्लोस्करांचा एक नांगर जाणार, शेतकऱ्याचं वर्ष जाणार. म्हणजे नवीन वस्तूत खरी जोखीम पहिला ग्राहक घेत असतो. ज्यानं पहिल्यांदा तो नांगर शेतात घातला, त्याचंही नाव उद्योजकांच्या यादीत लागायला हवं.

दुसरा खांदा: पहिला ग्राहक.

मग १९१० उजाडलं. बेळगाव नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. चालू कारखाना, माणसं, यंत्रं, आणि जागा नाही. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला यमाई देवीच्या सभामंडपाच्या कामात होते. औंधचे राजे म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्कारवाले आणि स्वतः चित्रकार. त्यांना गादीवर येऊन जेमतेम वर्ष झालं असेल. त्यांनी सांगितलं, माझ्या संस्थानात या. कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर माळजमीन दिली आणि वर कर्जाऊ पैसेही दिले. जमीन कसली, तर निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस.

औंध संस्थान केवढं? सगळे तुकडे जोडले तर सुमारे ५०० चौरस मैल. ब्रिटिशांच्या हिशेबात खिसगणतीत नसलेलं. त्या राजाला या व्यवहारात काय मिळणार होतं? कारखाना चालला असता तर प्रजेला काम. बुडाला असता तर माळ परत माळ झाला असता आणि राजाचे थोडे पैसे गेले असते. म्हणजे नुकसान राजाला परवडणारं होतं, लक्ष्मणरावांना परवडणारं नव्हतं. ज्याला परवडतं त्यानं उचललं, इतकं साधं गणित आहे.

तिसरा खांदा: जागा आणि थांबू शकणारा पैसा.

चौथा खांदा म्हणजे कायदा. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. भागीदारीत धंदा बुडाला तर घरातली भांडीसुद्धा जप्तीत जातात. लिमिटेडमध्ये भागधारकाचे भागापुरते पैसे जातात. आपण कंपनीच्या नावामागे "लि." लावतो आणि विसरतो. पण त्या एका अक्षराचा अर्थ "नुकसानीला इथे कुंपण आहे" असाच आहे.

आणि त्याच साली, १९२० मध्येच, शंकरराव किर्लोस्करांनी "किर्लोस्कर खबर" सुरू केलं. सुरुवात कारखान्याच्या बातमीपत्राची. पुढे त्याचं "किर्लोस्कर" मासिक झालं, १९३० मध्ये "स्त्री" आणि १९३४ मध्ये "मनोहर" आलं. ज्या घरात नांगर पोचला नसता त्या घरात मासिक पोचलं. आपल्या आजोबांच्या पिढीला कारखानदार ही आदराने बघायची माणसं आहेत असं वाटायला लागलं, त्यात या अंकांचा वाटा आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शंतनुराव १९२६ मध्ये एमआयटीतून शिकून परत आले (परत आले, हे आपल्यासाठी अधोरेखित!), १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिन्स वगैरे. पण माझ्या मते खरी गोष्ट १८८८ ते १९२० या बत्तीस वर्षांत आहे, जेव्हा धोका एकेका खांद्यावर वाटला गेला.

*

आता कुणी म्हणेल, राजा मिळाला म्हणून जमलं. आम्हाला कुठला राजा मिळणार? बरोबर आहे. म्हणून दुसरं उदाहरण पैसा फंडाचं.

अंताजी दामोदर काळे या गृहस्थांची कल्पना: प्रत्येक माणसानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. जुन्या हिशेबात रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे हजार रुपये जमवायचे तर चौसष्ट हजार माणसांपर्यंत पोचायला हवं! टिळकांनी या कल्पनेमागे आपलं वजन उभं केलं. १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. काच करणं शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे त्याची तांत्रिक बाजू होती. कारखाना हीच शाळा. इथे शिकून गेलेली मुलं देशभरच्या काच धंद्यात पसरली.

याची गंमत अशी की हा फंड बुडाला असता तर एकाही माणसाच्या घरी चूल विझली नसती. गेला तर पैसा गेला, अक्षरशः. आज आपण ज्याला क्राउडफंडिंग म्हणतो आणि सिलिकॉन व्हॅलीचा शोध समजतो, ते आपल्याकडे स्वदेशीच्या दिवसांत गावोगाव डबा फिरवून झालं होतं.

त्याच सुमाराचं आणखी एक नाव ओगलेवाडी. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, तोही औंध संस्थानाच्याच हद्दीत. प्रभाकर कंदील तिथला. वीज येईपर्यंत महाराष्ट्रातल्या किती मुलांनी त्या उजेडात अभ्यास केला असेल! एका छोट्या राजानं एकदा धोका पत्करला आणि तो फळला, तर दुसऱ्या वेळी दार जरा लवकर उघडतं.

*

इथपर्यंत वाचून तुमच्यापैकी काही जणांच्या मनात आलं असेल ते मीच लिहितो. किर्लोस्कर, ओगले, पंतप्रतिनिधी, टिळक, काळे. आडनावं बघा. एका विशिष्ट वर्गाला शिक्षण, ओळखी आणि राजदरबारी प्रवेश होता, म्हणून खांदे मिळाले. हे खरंच आहे. म्हणून तिसरं उदाहरण मुद्दाम देतो, आणि मला ते तिन्हींत सगळ्यात मोठं वाटतं.

कोल्हापूरचे गंगाराम कांबळे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले, राजवाड्याच्या पागेत नोकरीला. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, तू स्वतःचा धंदा काढ. त्यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान काढलं, "सत्यसुधारक हॉटेल".

आता धोक्याचा हिशेब मांडा. भांडवल? चहा, साखर, दूध, कपबश्या. फार नाही. तंत्रज्ञान? शून्य. किर्लोस्करांच्या नांगराला दोन वर्षं गिऱ्हाईक नव्हतं, कारण लोकांना वस्तूची शंका होती. इथे चहा उत्तम असूनही गिऱ्हाईक येणार नव्हतं, कारण चहा करणारा कोण हे लोकांना माहीत होतं. पैशाने हा धोका कमी होत नाही. कुठलीही बँक यावर कर्ज देऊन उपयोग नाही. मग महाराजांनी काय केलं? स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. राजा प्यायला म्हटल्यावर बाकीच्यांना सबब उरली नाही. पुढे सोडा वॉटरच्या यंत्रासाठीही महाराजांनी मदत केली.

शाहू महाराज १९२२ मध्ये गेले. पण या एका प्रसंगानं मला उद्योजकतेबद्दल जे शिकवलं ते मॅनेजमेंटच्या पुस्तकात सापडलं नाही. धोका सगळ्यांना सारखा नसतो. एकाच दुकानात एकाला पैशाचा धोका असतो, दुसऱ्याला अपमानाचा, तिसऱ्याला मार खाण्याचा. "मराठी माणसानं रिस्क घ्यावी" असं सरसकट म्हणताना कुठला मराठी माणूस, हे विचारायलाच हवं.

*

आता जरा माझ्या गल्लीत येऊ. मी राहतो टॅलामध्ये, डब्लिनच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या पायथ्याशी. आज मोठं उपनगर आहे, लुआस ट्राम आहे, १९९० मध्ये उघडलेला स्क्वेअर मॉल आहे. पण १९६० च्या दशकापर्यंत हे एक खेडंच होतं. आणि या खेड्यात एक चॉकलेटचा कारखाना होता, "उर्नी".

उर्नीची सुरुवात इथली नाही. उत्तरेला टायरोन परगण्यात उर्नी नावाचं गाव आहे. तिथे आयलीन गॅलहर नावाच्या बाईंनी १९१९ च्या सुमारास घरगुती पातळीवर मिठाईचा उद्योग सुरू केला. हेतू हाच की गावातल्या तरुणांना काम मिळावं आणि त्यांनी देश सोडून जाऊ नये. (देश सोडून आलेल्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) नवरा हॅरी पेशाने वकील. म्हणजे इथेही घरात एक उत्पन्न होतं. मग आयर्लंडची फाळणी झाली, १९२३ मध्ये सीमेवर जकात बसली, त्यात कारखान्याला आग लागली. १९२४ मध्ये त्यांनी बस्तान टॅलाला हलवलं. जागा कुठली, तर पहिल्या महायुद्धातला लष्करी विमानतळ, वापराविना पडलेला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात ही रिकामी जागा त्यांच्या उपयोगी पडली.

बेळगावहून उठून कुंडलच्या माळावर, टायरोनहून उठून टॅलाच्या जुन्या विमानतळावर. चौदा वर्षांचं अंतर, हजारो मैलांचं अंतर, आणि गोष्ट जवळजवळ तीच. हा कारखाना १९८० पर्यंत चालला. त्याआधी १९६३ मध्ये तो अमेरिकन कंपनीने घेतला होता. इथले म्हातारे शेजारी अजून उर्नीच्या चॉकलेटच्या वासाच्या आठवणी काढतात.

पण आयर्लंडकडून शिकण्यासारखी जास्त मोठी गोष्ट अलीकडची आहे, आणि तिला दोन बाजू आहेत.

चांगली बाजू आधी. १९८८ च्या इथल्या कायद्यानुसार माणूस दिवाळखोर ठरला तर बारा वर्षं सुटका नव्हती. बारा! तिशीत बुडालेला माणूस चाळिशी उलटल्यावर मोकळा होणार. शेजारी ब्रिटनमध्ये हीच मुदत एक वर्ष होती, त्यामुळे २००८ च्या मंदीनंतर काही आयरिश लोक दिवाळं काढायला तिकडे जाऊन राहिले. मग २०१२ च्या कायद्यानं बारा वर्षांची तीन केली, आणि २०१६ पासून एक. राहती गोष्ट, स्वतःचा धंदा करणाऱ्याला धंदा बंद पडल्यावर बेकार भत्ता मिळण्याची सोय २०१९ मध्ये झाली. आधी तो बराचसा नोकरदारांचाच हक्क होता. हे दोन बदल कुठल्याही "स्टार्टअप डे"च्या भाषणांपेक्षा जास्त कामाचे आहेत असं माझं मत.

आता वाईट बाजू. याच देशात २००८ च्या आधी बिल्डर आणि बँका यांनी भरमसाट धोका पत्करला, आणि तो फसल्यावर सरकारनं सप्टेंबर २००८ च्या शेवटी बँकांची हमी घेतली. बिल आलं सुमारे ६४ अब्ज युरोचं, आणि ते भरलं सामान्य करदात्यानं. म्हणजे धोका वाटला गेला की झालं, असं नाही. कुणाला विचारून वाटला? पैसा फंडात माणूस स्वतः डब्यात पैसा टाकत होता आणि किती टाकायचा ते आधीच ठरलेलं होतं. इथे फायदा होताना कुणी विचारलं नाही आणि नुकसान मात्र सगळ्यांच्या नावावर चढलं. वाटप खुषीचं असावं आणि त्याला मर्यादा असावी, हा धडा मला इथे राहून मिळाला.

*

आपली भाषा बघा. लाचखोर, भांडखोर, चुगलीखोर, आणि त्याच रांगेत दिवाळखोर. धंदा बुडणं हे आपण भाषेतच दुर्गुणात जमा करून टाकलंय. भारतात २०१६ मध्ये नवीन दिवाळखोरी कायदा आला, कंपन्यांचा निकाल वेळेत लागावा म्हणून. पण सांगली-इचलकरंजीच्या छोट्या कारखानदाराकडून बँक सहसा वैयक्तिक हमी घेते, बहुतेक वेळा घरासकट. २०१९ च्या डिसेंबरपासून त्या कायद्याखाली वैयक्तिक जामीनदारही आले. म्हणजे "लि." चं कुंपण कागदावर आहे आणि घराचं दार उघडंच आहे. अशा वेळी मुलाला "तू नोकरीच कर" म्हणणारा बाप मागासलेला नाही. त्यानं शेजारच्या घराचा लिलाव पाहिलेला असतो.

आता आपल्याबद्दल, म्हणजे परदेशात नोकरी करणाऱ्यांबद्दल. इथे वर्क परमिटवर आलेला माणूस स्वतःचा धंदा करू शकत नाही. परमिट विशिष्ट नोकरीला बांधलेलं असतं. क्रिटिकल स्किल्सवाल्याला एकवीस महिन्यांनी स्टॅम्प फोर मिळू शकतो आणि मग तो मोकळा. म्हणजे आपल्या धाडसाला पहिली दोन वर्षं कायद्यानंच कुलूप असतं. पण गंमत बघा, कुलूप उघडतं तेव्हा आपण घराचं कर्ज घेतो आणि दुसरं कुलूप स्वतः लावतो. तीस वर्षांचं!

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, कारण हा प्रश्न सध्या माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. मी आणि एक मित्र, दोघांनी मिळून एक छोटं सॉफ्टवेअर केलंय. इथे खाद्यपदार्थ विकणाऱ्याला प्रत्येक पदार्थात चौदा ठरावीक ॲलर्जीकारक घटकांपैकी काय काय आहे ते लेखी द्यावं लागतं. मोठ्या हॉटेलांना ते जमतं, घरून डबे आणि फराळ करून देणाऱ्या बायकांना ती कटकट होते. तेवढंच काम आमचं सॉफ्टवेअर करतं. नोकरी सोडून एक वर्ष त्याला द्यायचं की नाही, यावर गेले तीन महिने घरात चर्चा चालू आहे. बायकोचा पगार आहे. दोन मुलं आहेत, हप्ता आहे, तिकडे आईबाबा आहेत. बाबा फोनवर "विचार करून कर" इतकंच म्हणतात, आणि आई विषय बदलते.

मी वरचा सगळा इतिहास वाचला तो हौस म्हणून नव्हे, तर या टेबलावर मांडायला. चारही खांदे आमच्या हिशेबात मांडून पाहिले.

१) घरातला एक पगार: आहे. रामूअण्णा आणि लक्ष्मणरावांची जोडी आमच्याकडे नवरा-बायकोची आहे. पण अट अशी, की पुढे तिला काही करायचं असेल तेव्हा पगार आणण्याची पाळी माझी. हे आम्ही तोंडी न ठेवता लिहून काढलं.

२) पहिला ग्राहक: इथल्या एका मराठी काकूंनी, ज्या पुरणपोळ्या करून देतात, विचारलं "फुकट देणार का?" मी नाही म्हटलं. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि महिन्याचे पैसे काढून दिले. वर सात चुका दाखवल्या. गुंतवणूकदाराच्या चेकपेक्षा त्या पैशाची किंमत मला जास्त वाटते.

३) जागा आणि थांबणारा पैसा: औंधच्या राजाची जागा आता सरकारी संस्था घेतात. इथे एंटरप्राइज आयर्लंड नव्या कंपन्यांत भागीदारी घेते, आणि प्रत्येक परगण्यात लोकल एंटरप्राइज ऑफिस आहे. आमच्या साउथ डब्लिनचं टॅलामध्येच, काउंटी कौन्सिलच्या कचेरीत. जाऊन बसलं की किमान माहिती तरी नीट मिळते.

४) कायद्याचं कुंपण: लिमिटेड कंपनी, आणि वैयक्तिक हमीवर सही नाही. हा नियम बायकोने घातलाय आणि मला मान्य आहे. घर या खेळात येणार नाही.

चार पैकी चार जमतात असं दिसतंय. आमच्याइतके खांदे नसलेली माणसं खूप आहेत हेही दिसतंय. नुकताच परमिटवर आलेला मुलगा, एकाच पगारावर चाललेलं घर, गावाकडे कर्ज फेडत असलेला भाऊ. त्यांना "धाडस कर" म्हणण्याचा अधिकार आपल्याला त्यांच्या नुकसानीतला वाटा उचलला तरच आहे.

म्हणून टॅलामधल्या आम्ही सहा कुटुंबांनी एक साधी गोष्ट ठरवली आहे. संस्था नाही, समिती नाही, बॅनर नाही. प्रत्येकानं वर्षाला एका साध्या सहलीइतकी रक्कम बाजूला काढायची. आपल्यापैकी किंवा गावाकडच्या एकाला ती द्यायची, पहिल्या प्रयत्नासाठी. परत आली तर पुढच्याला, बुडाली तर बुडाली, त्याचा विषय चहाबरोबर काढायचा नाही. पैशाइतकीच दुसरी अट महत्त्वाची: ज्याला पैसे दिले त्याच्याकडून वस्तू विकत घ्यायची, पूर्ण किमतीला, आणि चुका तोंडावर सांगायच्या. शाहू महाराजांनी चहा प्यायला तसं.

या कल्पनेत भोकं असतील, ती दाखवा. तुमच्याकडे न्यू जर्सीत, सिडनीत, दुबईत असं काही कुणी केलं असेल तर कसं चाललं आणि कुठे अडलं तेही लिहा, विशेषतः अडलं ते. आणि एक प्रश्न प्रत्येकाला: गेल्या वर्षभरात आपल्या ओळखीच्या कुणाची पहिली वस्तू तुम्ही पूर्ण पैसे देऊन विकत घेतलीत?

कळावे, लोभ असावा.

टॅला, डब्लिन